काखेवर लावलेली पेटी

मित्रांनो, त्या दिवशी मी गहिनीनाथ नानांच्या डाव्या काखेत होतो. तुम्हाला हसू आलं असेल, तर येऊ द्या. तिथं बसलेली माणसंही हसतच होती.

मिरजगावात सोलापूर रस्त्याला लागून नानांचं पत्र्याचं दुकान होतं. मोठा ट्रक गेला की पत्रा थरथरायचा आणि दुरुस्तीला आलेले रेडिओ, पंखे, मिक्सर फळीवर किणकिणायचे. नानांनी सदऱ्याची वरची बटणं सोडून मला आत सरकवलं होतं आणि हात अंगाशी घट्ट दाबून ते स्टुलावर बसले होते. माझी करडी वायर त्यांच्या गळ्याशी बाहेर येऊन समोरच्या थर्माकोलच्या पेटीला जोडलेली होती. पेटीत पिवळा बल्ब पेटलेला होता. पेटीच्या मागे, हातात बारका टेस्टर धरून, नानांची मुलगी पंकजा बसली होती. ती कर्जतला एका ग्रंथालयात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी नानांच्या हाताखाली काम करायची.

ही पेटी अंडी उबवायची होती. कोंबडी खुडूक बसते आणि पंखाखाली अंडी उबवते, तेच काम ही पेटी करायची. म्हणून आसपासच्या वस्त्यांवर तिला 'नानाची खुडूक' म्हणत. पेटी किती तापू द्यायची हे ठरवण्याची नानांची स्वतःची रीत होती. माझ्यासारखा सेन्सर काखेत धरायचा, अंगाची ऊब त्यात पुरती भिनू द्यायची आणि मग पेटीच्या पाठीवरचा स्क्रू हळूहळू फिरवायचा. बल्ब जिथं विझेल ती जागा म्हणजे नानांच्या अंगाची ऊब. अंड्यांना ती जवळजवळ चालते. उरलेली कसर भरून निघावी म्हणून नाना सेन्सर अंड्यांच्या जरा खाली टांगत. स्क्रू नंतर हलू नये म्हणून त्यावर नखपॉलिशचा एक थेंब टाकला की काम संपलं. नखपॉलिश अर्थात पंकजाचं.

"फिरव, पंके. दमानं," नाना म्हणाले.

पंकजानं स्क्रू जरासा फिरवला आणि बल्ब विझला.

"लगेच विझला की, नाना! एरवी केवढं फिरवावं लागतं."

"दवाखान्यातला माल हाय त्यो. आपल्यापरीस चलाख असनार."

"परत एकदा बघू का?"

"काय बघायचंय त्यात? बल्ब काय खोटं बोलतोय व्हय? टाक थेंब."

पेटी न्यायला आलेली गोजरबाई दाराशी पोत्यावर बसली होती. ती पदर तोंडाला लावून म्हणाली, "नाना, तुमच्या काखंतनं एवढी पिल्लं निघाली, पर एक बी तुमाला बाप म्हनून हाक मारीना."

"नको गं बाई. बाप म्हनाया लागली तर दानं बी मलाच मागतील."

सगळे हसले. पंकजाच्या हातातली ब्रशची काडी हसता हसता हलली आणि लाल थेंब स्क्रूच्या बाहेर थोडा पसरला.

"पंके, त्यो फॅन बंद कर. वारं लागतंय," नाना म्हणाले.

"एवढ्या उकाड्यात?"

"कर म्हनलं ना."

तिनं फॅन बंद केला. नानांनी मला काखेतून काढलं, सदऱ्याला पुसलं आणि पेटीत माझ्या जागी टांगलं. गोजरबाईनं पेटी डोक्यावर घेतली. एवढंच झालं. दुसरं काही घडलं नाही.

मी मात्र गोंधळून गेलो होतो. त्या काखेत मी आधीही एकदा बसलो होतो. तेव्हाची ऊब मला ठाऊक होती आणि आजची तिच्याहून कितीतरी जास्त होती. मी माझं काम चोख केलं. जेवढी ऊब होती तेवढी, वाढवून नाही की कमी करून नाही, वायरीतून कळवली. एवढं कळवल्यावर कुणीतरी धावत येईल असं मला वाटलं होतं. कुणी आलं नाही. स्क्रू फिरला, बल्ब विझला आणि सगळं ठीक आहे असं ठरून गेलं.

कुणी धावत येईल असं मला का वाटलं, हे कळायचं तर तुम्हाला माझं आधीचं आयुष्य ऐकावं लागेल.

मी ऊब ओळखणारा सेन्सर आहे. माझा जन्म कोणत्या गावात झाला ते मला माहीत नाही. भट्टीत भाजून कडक केलेला मोहरीएवढा एक मणी, त्याला दोन तारा आणि वर कपाळावरच्या टिकलीसारखं चपटं, चकचकीत झाकण, असं माझं रूप. ऊब वाढली की मी विजेला मोकळी वाट देतो, गारवा आला की तिला अडवतो. मला एवढंच येतं. मला डोळे नाहीत, कानही नाहीत. मग एवढं सगळं दिसतं आणि ऐकू कसं येतं, असं विचारू नका. ते मलाही कोडंच आहे.

माझी उमेदीची वर्षं एका मोठ्या दवाखान्यात गेली. तिथं नुकत्याच जन्मलेल्या, अशक्त बाळांना ऊब देणारं एक यंत्र होतं. सिस्टर मला चिकटपट्टीनं बाळाच्या पोटावर लावायच्या. बाळाचं अंग गार पडलं किंवा तापलं की मी कळवायचो, यंत्र पीं पीं ओरडायला लागायचं आणि सिस्टर असतील तिथून धावत यायच्या. कधी दुपटं सारखं करायच्या, कधी डॉक्टरांना हाक मारायच्या. आकडा बिघडला की त्या आधी बाळाकडे बघायच्या. एका आईनं एकदा बाळाच्या पोटावरून हात फिरवताना माझ्यावरूनही फिरवला होता. ती माया बाळासाठी होती हे मला समजत होतं. तरी त्यातली थोडी मी माझ्यासाठी ठेवून घेतली.

पुढे नवीन यंत्रं आली. आमचं यंत्र एका खोलीत लोटून ठेवलं. तिथं ना बाळ होतं, ना सिस्टर. भिंतीचा गारवा तेवढा मी न कंटाळता कळवत राहिलो, पण ऐकायला यंत्रात वीजच नव्हती. शेवटी एक दिवस आम्हाला भंगारात काढलं आणि आम्ही गनीभाईंच्या टेम्पोत येऊन पडलो.

गनीभाई भंगाराचा धंदा करायचे आणि नानांचे जुने मित्र होते. कामाचं काही हाती लागलं की पोतं उचलून ते आधी नानांच्या दुकानात यायचे.

"गहिनीनाथ, दवाखान्याचं सामान हाय. बघ तुज्या कामाचं काय निघतंय का. मला तर समद्या वायरी सारख्याच."

"तुला काय, तू तांबं बघनारा मानूस. हितं एकेकीची जात येगळी हाय."

पंकजानं आम्हा सगळ्यांना औषधी स्पिरिटनं पुसलं आणि टेबलावर वर्तमानपत्र अंथरून ओळीनं मांडलं. मग आमची ओळखपरेड सुरू झाली. नाना प्लग कापायचे, वायरींची टोकं सोलायचे, मीटरला जोडायचे आणि पंकजा आकडा वाचायची. एक चिमट्यासारखा होता, तो वीज मिळताच लाल उजळला. "ह्यो बोटाला लावायचा, रक्तातला ऑक्सिजन बघनारा," नाना म्हणाले आणि तो बाजूला ठेवला. एकावर फुंकर मारताच आकडा उडाला आणि फुंकर थांबताच जागेवर आला. तो श्वास मोजणारा निघाला. एक अंगठ्यानं दाबला की बदलायचा, तो दाबाचा.

मग माझी पाळी आली. नानांनी माझ्यावर बॅटरीचा उजेड टाकला. मी गप्प. मला ओढून बघितलं. मी गप्पच. त्यांनी फुंकर मारली. त्यांचा श्वास उबदार होता, म्हणून मी हललो.

"फुंकरीचा!" गनीभाई ओरडले.

मला वाटलं, असेन बुवा, आपण फुंकरीचे असू. मग नानांनी मला अंगठ्याखाली दाबलं. अंगठाही उबदार, मी आणखी हललो.

"न्हाई रं, दाबाचा हाय ह्यो," नाना म्हणाले.

मला वाटलं, दाबाचे असू. मित्रांनो, इतकी वर्षं काम करूनही त्या टेबलावर मी कोण आहे हे मला सांगता येईना. ज्यानं जे नाव दिलं ते मला खरं वाटत होतं.

पंकजा मीटरवर वाकली होती. ती म्हणाली, "नाना, अंगठा काढला तरी आकडा लगेच मागं येत न्हाई. दाबाचा असता तर उडी मारून आला असता. ह्यो सावकाश चाललाय."

मग नानांनी मला चहाच्या कपाला टेकवलं. मीटर विजेची अडवणूक मोजत होता, म्हणून आकडा भराभर उतरला. शेजारच्या टपरीवरून थंड बाटली आणून मला तिच्यावर ठेवलं. आकडा चढत गेला.

"ऊब बघतोय गडी! पंके, आपल्याला पेटीसाठी ह्योच पायजे हुता."

"एक थर्मामीटर आन की आता," गनीभाई म्हणाले. "काखंत किती दिवस धरनार हायेस?"

"थर्मामीटर पडला की फुटतो. काख फुटलेली ऐकली का कधी? उभ्या जन्मात दवाखान्याची पायरी चढलो न्हाई मी. माजं अंग म्हंजे घड्याळ हाय, घड्याळ."

त्या दिवशी, नुसती परीक्षा म्हणून, मी पहिल्यांदा त्यांच्या काखेत बसलो. ती ऊब मला ओळखीची वाटली. बाळांच्या पोटासारखीच होती, जरा घामट एवढंच. मला पुन्हा काम मिळालं होतं. आता मी कुणाच्या तरी जन्माची वाट बघणार होतो, या विचारानं मी सुखावलो.

म्हणून तर त्या दुसऱ्या वेळी, पेटीला जोडल्यावर, मी एवढा गोंधळलो. दवाखान्यात अंग तापलं की माणसं अंगाकडे धावायची. इथं अंग तापलं होतं आणि माणसांनी पेटी त्याच्याशी जुळवून घेतली होती. मला वाटलं, इथली रीत अशी असेल. मी नवखा, मी काय बोलणार?

गोजरबाईच्या वस्तीवर पेटी तिच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवली गेली. तिनं आपली आणि दोन शेजारणींची गावरान अंडी आत रांगेनं मांडली, वाटीत पाणी ठेवलं आणि झाकण लावलं. बल्ब लागायचा, विझायचा. पेटी नानांच्या काखेएवढी तापली की मी कळवायचो, बल्ब विझायचा. निवू लागली की मी कळवायचो, बल्ब लागायचा. मी एकदाही चुकलो नाही.

थोड्याच दिवसांनी एक शेजारीण धापा टाकत आली.

"गोजरे, ऐकलंस का? मिरजगावचं नाना गेलं."

"कुठं गेलं?"

"अगं, गेलं म्हंजे गेलं. डेंगू झाल्ता म्हनं. नगरला दवाखान्यात नेल्तं, पर उशीर झाल्ता."

गोजरबाई पेटीशेजारी बसली. तिचा हात पेटीच्या झाकणावर पडला. "आगं, आमी हसत हुतो की गं त्या दिवशी," ती म्हणाली. तिचा हात झाकणावरच राहिला.

गेलं म्हणजे काय, हे मला तेव्हा नीट समजलं नाही. नानांची ऊब तर माझ्याजवळ होती. मी ती रोज पेटीत जशीच्या तशी सांभाळत होतो. ज्याची ऊब इथं आहे तो माणूस कुठं आणि कसा जाईल?

पुढे एका दिवशी गोजरबाईनं अंडी उचलून बॅटरीच्या उजेडात धरली. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. तिला एकेका अंड्यात नुसतं रक्ताचं कडं दिसलं, म्हणजे आतला जीव गेला होता. तरी तिनं पिल्लं निघायचे दिवस उलटेपर्यंत वाट पाहिली. मग उकिरड्याच्या कडेला खड्डा घेतला, अंडी पुरली आणि हात धुऊन पेटीसमोर येऊन उभी राहिली.

"नाना असता तर चार शब्द ऐकवले असते," ती पेटीला म्हणाली. "आता कुनाशी भांडू?"

तिनं पेटी पुन्हा डोक्यावर घेतली.

दुकान बंद होतं. तिनं नानांच्या घरी जाऊन पंकजाला हाक मारली. पंकजानं कुलूप उघडलं, पेटी टेबलाखाली ठेवली आणि विचारलं, "एक बी न्हाई निघालं?"

"एक बी न्हाई. पोरी, मी रागानं न्हाई आनली गं. पर घरात ठेवून काय करू?"

"बरं केलंस, मावशे."

ती एवढंच म्हणाली आणि दार पुन्हा लागलं. टेबलाखाली धूळ साचत गेली. एक कोळी माझ्या वायरीवरून येऊन-जाऊन राहू लागला. मी अंधारात एकच प्रश्न उगाळत होतो. मी खरं सांगितलं, पेटीनं ते ऐकलं, तरी अंडी मेली. मग खोटं कुणी सांगितलं?

बऱ्याच दिवसांनी दार उघडलं ते गनीभाईंसाठी. दुकान रिकामं करायचं होतं. त्यांनी टेबलाखालून पेटी ओढली, मला वायरीनं धरून बाहेर काढलं आणि खिशातली पक्कड माझ्या मानेला लावली.

"काय करताय, गनीचाचा?" पंकजानं विचारलं.

"ह्येला तोडून टाकतो. दोष ह्येचा हाय. माज्याच भंगारातला. नानाचं शेवटचं काम माज्यामुळं नासलं, पोरी."

"नासलं असं कोन म्हनतंय?"

गनीभाईंनी मान खाली घातली. "लोकांच्या तोंडाला हात लावता येतोय का? म्हनत्यात, गहिनीनाथचा हात गेल्ता. शेवटी शेवटी त्याला कळत नव्हतं."

पंकजानं गनीभाईंच्या हातातून मला अलगद सोडवून घेतलं.

"तोडू नका. ह्यो खराब हाय का न्हाई, आधी बघू द्या मला. खराब निघाला तर मीच तोडीन. पर न बघता नानांना कुनी नावं ठेवलेली मला चालनार न्हाईत."

मित्रांनो, तेव्हा माझ्या आयुष्याचा आणि नानांच्या नावाचा निकाल एकाच टेबलावर लागायचा होता. दुसऱ्याच दिवशी पंकजानं मेडिकलमधून ताप बघायचा थर्मामीटर आणला, घरून थर्मास आणला, टपरीवरून बर्फ आणला. तिनं गोजरबाईलाही निरोप पाठवून बोलावून घेतलं. "तुजं नुकसान झालंय, तुज्यासमोरच बघते," ती म्हणाली. गोजरबाई येताना टोपलीत नवी अंडी घेऊन आली होती. जमलं तर पेटीत, नाही तर घरच्या कोंबडीखाली, असा तिचा विचार होता.

पंकजानं मला आधी वितळत्या बर्फात बुडवलं आणि मीटरचा आकडा बघितला. बाहेर काढून पुसलं, पुन्हा बुडवलं. तोच आकडा आला. मग थर्मासमध्ये कोमट पाणी ओतलं, मला आणि थर्मामीटरला रबरानं एकत्र बांधलं आणि आत सोडलं. ती गरम पाणी थोडं थोडं वाढवत गेली तसा थर्मामीटर चढत गेला, आणि मी त्याच्या पावलावर पाऊल ठेवून चाललो. ती पाणी निवू द्यायची, थर्मामीटर झटकायची आणि पुन्हा गरम पाणी ओतायची. मी कुठं अडखळलो नाही, कुठं उडी मारली नाही.

"चांगला हाय," ती शेवटी म्हणाली. "ह्येच्यात काय बी खोट न्हाई."

"मग पेटीत आसंल," गनीभाई म्हणाले.

तिनं पेटी पुसली, मला जागेवर टांगलं, माझ्याशेजारी झटकलेला थर्मामीटर ठेवला आणि वीज चालू केली. बल्ब लागला. बराच वेळ लागूनच राहिला. मग विझला, परत लागला, परत विझला. पेटीनं आपली ऊब गाठली होती आणि ती तिथून हलत नव्हती. पंकजानं थर्मामीटर बाहेर काढून वाचला.

"एकशेतीन."

"पायजे किती?" गनीभाईंनी विचारलं.

"अंड्यांना शंभरच्या आसपास. नानांच्या आधीच्या समद्या पेट्या तेवढ्यावरच चालत्यात."

"एकशेतीन!" गोजरबाई म्हणाली. "आगं बाई, मग पेटीला ताप भरलाय की!"

गनीभाई हसले. गोजरबाईही हसली. पंकजा हसली नाही. तिनं पेटी वळवली आणि स्क्रूवरचा लाल थेंब नखानं चाचपला. तो कुठं तडकला नव्हता. बाहेर पसरलेला डागही तसाच होता. त्या दिवशी तिनं फिरवून सोडला तिथंच तो स्क्रू होता.

मग तिनं मला पेटीतून काढलं, पाठ वळवून आपल्या काखेत धरलं आणि नानांच्या स्टुलावर बसली. मी तिची ऊब घेतली. निरोगी, शांत ऊब. ती मी पेटीला कळवली. बल्ब पेटलेला होता.

"विझंल आता," गनीभाई म्हणाले.

बल्ब विझला नाही. पंकजानं हात आणखी घट्ट दाबला. रस्त्यावरून ट्रक गेले, पत्रा थरथरला. बल्ब विझेना.

"वायर सुटली का काय?"

"वायर नीट हाय, चाचा." ती म्हणाली. "सेन्सर चुकला न्हाई. पेटी बी चुकली न्हाई. नाना पेटी आपल्या अंगावर लावायचे. त्या दिवशी त्यांच्या काखंत बल्ब विझला, माज्या काखंत विझत न्हाई. त्या दिवशी त्यांच्या अंगात एकशेतीन ताप हुता."

गनीभाई म्हणाले, "पर ताप तर दुसऱ्या दिवशी आल्ता ना? तू मला फोनवर तसंच सांगितलं हुतं."

"डॉक्टरांनी इचारलं, ताप कधीपास्नं हाय? मी म्हनलं, आज सकाळपास्नं. त्यांनी नानांकडं बघितलं. नाना काय बोलले न्हाईत. मीच बोलले. तवापास्नं मी हेच धरून बसले. एका रात्रीत एवढं कसं झालं, म्हनून."

"फॅन बंद कराया लावला हुता गं त्यांनी," गोजरबाई हळूच म्हणाली. "मी हितंच बसले हुते."

"त्यो सांगनारा मानूसच न्हवता, बेटा," गनीभाई म्हणाले. "पाय मोडला तरी म्हनला असता, जरा मुंग्या आल्यात."

पंकजानं मान हलवली. ती रडली नाही. "एक बरं झालं, चाचा. त्यांचा हात गेला न्हवता. लोकान्ला सांगा तुमी. अंगात एवढा ताप घेऊन बी त्यांनी पेटी बरोबर आपल्या अंगाएवढी लावली. जराबी इकडंतिकडं न्हाई."

"सांगतो की. गावभर सांगतो," गनीभाई म्हणाले आणि त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला.

मित्रांनो, मला त्या वेळी थोडं समजलं, थोडं अजूनही समजलेलं नाही. मी खरं बोललो होतो आणि तरीही त्यातून मरण निघालं. नानांनी बल्बवर विश्वास ठेवला, बल्बनं माझ्यावर, आणि मी नानांच्या अंगावर. सगळे आपापल्या जागी प्रामाणिक होते. मग कोण कमी पडलं? दवाखान्यात माझ्यामागे ओरडणारं यंत्र होतं, तसं इथं नव्हतं, एवढंच मला सांगता येतं.

"मग आता नीट हुईल का ही?" गोजरबाईनं टोपलीकडे बघत विचारलं.

"हुईल. थेंब खरडून स्क्रू फिरवायचा. ह्या खेपेला थर्मामीटरवर लावू."

तिनं टेस्टर उचलला, त्याचं टोक लाल थेंबावर टेकवलं आणि तिथंच थांबली. गनीभाईंनी ते पाहिलं. "गोजरबाई, चला, टपरीवर चा सांगू," ते म्हणाले आणि दोघं बाहेर गेले. जाताना त्यांनी दार नुसतं लोटून घेतलं.

मी एक वस्तू आहे, त्यामुळे शेवटी तुम्हाला वस्तू जपायला सांगणं माझं कर्तव्य आहे. जुनं यंत्र फेकण्याआधी त्यात कामाचं काही आहे का ते जाणत्या माणसाकडून बघून घ्या. आम्हाला नाव देण्याआधी नीट पारखा. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. आम्हाला फक्त आकडा सांगता येतो, तो कुणाच्या जिवाचा आहे हे सांगता येत नाही. आकडा रोजच्यासारखा नसला, तर स्क्रूला हात घालण्याआधी समोरच्या माणसाच्या कपाळाला हात लावा. आणि हाताला जे कळेल ते त्याला बोलून दाखवा.

पंकजानं मला परत पेटीत टांगलं आणि झाकण लावलं. बल्ब लागला. पेटी हळूहळू तापत गेली, नानांच्या त्या दिवशीच्या अंगाएवढी झाली आणि बल्ब विझला. मग तिनं झाकण उचललं, हात आत घातला आणि मला मुठीत धरलं. दुसऱ्या हातात टेस्टर होता.

"नाना," ती मोठ्यानं म्हणाली, "ताप हाय तुमाला. ऱ्हाऊ द्या ते काम. पडा जरा. मी हाये हितं."